ॲझोला लाल का पडतो? पाण्यातल्या नेच्यांबाबत या चुका टाळा

सोलापुरात मार्च उजाडला की जनावरांच्या चाऱ्यासाठी ॲझोला लावलेल्यांच्या तोंडी एकच तक्रार असते, "लाल पडला हो!" माझ्या पहिल्या खड्ड्याचंही तेच झालं होतं. एप्रिलच्या एका आठवड्यात हिरवीगार साय विटकरी झाली. शेवाळाला खत कमी पडतंय असं समजून मी युरिया टाकला. चूक तिथेच झाली.

ॲझोला हे शेवाळ नव्हे, तो नेचा (फर्न) आहे. एक कोंब चिमटीत धरून भिंगाखाली बघा. खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली पानं आणि खाली लोंबणारी केसासारखी मुळं दिसतील. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात. वरच्या जाड भागातल्या पोकळीत नीलहरित जीवाणू राहतात आणि हवेतला नत्र बांधून नेच्याला देतात. नेच्याची पुढची पिढी बीजाणूतून येते, तेव्हाही हे जीवाणू सोबत जातात. किती विलक्षण सोबत! घरातच नत्राची सोय असल्यावर युरिया कशाला? कमी पडतो तो स्फुरद (फॉस्फरस). शेणकाल्यासोबत थोडं सिंगल सुपर फॉस्फेट द्या.

लाली दिसली की आधी मुळं तपासा. मुळं लांबलचक आणि पानं खुजी असतील तर स्फुरदाची उपासमार आहे. मुळं नेहमीसारखी असतील तर बहुधा उन्हाचा ताप. याला 20 ते 30 अंश मानवतात, आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे शेडनेट किंवा झाडाची सावली हवीच. मचूळ बोअरचं पाणी टाळा, आणि दाटी झाली की थर सडतो म्हणून रोज थोडा काढत राहा.

म्हैस तोंड लावत नसेल तर बहुतेक वेळा शेणाचा वास नडतो. स्वच्छ पाण्यात दोनदा धुऊन, आंबोणात थोडा थोडा मिसळून सवय लावा. पण पेंड बंद करू नका. एक किलो ओल्या ॲझोलात बहुतेक पाणीच असतं. वाळवला तर जेमतेम 60-70 ग्रॅम उरतो आणि त्यात प्रथिनं साधारण 15 ग्रॅम. किलोभर शेंगदाणा पेंडीत ती 400 ग्रॅमच्या आसपास असतात. पंढरपुरी म्हशीचं दूध पेंडीऐवजी निव्वळ ॲझोलावर टिकेल, ही आशा धरू नका.

आता नेचे ओळखण्यातल्या चुका. तलावावर पसरणारी जलपर्णी आणि डबक्यातली टिकलीएवढी लेम्ना या दोन्ही फुलझाडांत मोडतात, नेच्यांत नव्हे. काठच्या चिखलात चार पाकळ्यांसारखं पान दिसलं तर ती आंबुशी समजू नका. आंबुशीला तीन पानं असतात, चार असतील तर बहुधा मार्सिलिया, आणि ती नेचाच आहे. तिचं कोवळं पान इतर नेच्यांसारखं गुंडाळलेलं असतं. तळं आटलं तरी तिच्या टणक बीजाणुफळांत जीव शिल्लक राहतो.

ॲझोला, साल्विनिया आणि मार्सिलिया हे तिघे साल्विनिएलीज गणातले. त्यांना लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे बीजाणू असतात. पण पाण्यात वाढतो तो प्रत्येक नेचा या गणातला नव्हे. सेराटॉप्टेरिस पाण्यातच वाढतो, पण त्याचे बीजाणू एकाच प्रकारचे आणि कूळही वेगळं.

साल्विनियाबाबत मात्र कळकळीने सांगतो. त्याची लोंबणारी 'मुळं' म्हणजे खरं तर तिसरं पान, मुळं त्याला नसतातच. ब्राझीलमधून आलेली त्याची एक जात, साल्विनिया मोलेस्टा, वांझ आहे. तरीही तुटलेल्या तुकड्यांतून ती केरळातले कालवे भरून टाकू शकली. मत्स्यपेटीतला साल्विनिया नको झाला तर सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडू नका. उन्हात कडकडीत वाळवा आणि मग खतात टाका.