आईविना पिल्लू: खोक्यातल्या उबेपासून कुत्र्यांच्या शाळेपर्यंत

भाद्रपदात गल्लोगल्ली कुत्र्यांचे घोळके फिरतात. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, जिन्याखाली, वाळूच्या ढिगात, बंद टपरीमागे पिल्लं जन्माला येतात. महाराष्ट्रात थंडी पडायलाही तेव्हाच सुरुवात होते. आई गाडीखाली गेली किंवा परतलीच नाही, तर अशी पिल्लं भुकेच्या आधी गारठ्याने दगावतात. म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग दूध.

उचलण्याआधी

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं झालं असं नव्हे. कुत्री खायला शोधायला जाते आणि माणसं घोळक्याने उभी असतील तर जवळ यायला कचरते. पिल्लं अंगाला अंग लावून शांत झोपली असतील, पोटं गोल असतील, तर लांब जाऊन तास-दोन तास पाहा. अंग गार लागत असेल, पिल्लू सतत केकाटत असेल किंवा केकाटायचंही थांबलं असेल, तर मात्र वाट पाहू नका.

आई कशाने मेली हे कळलं तर पशुवैद्यकाला जरूर सांगा. मरण्याआधी ती अंगावर धावून येत होती, लाळ गाळत होती किंवा तिला चालता येत नव्हतं असं कुणी सांगितलं, तर रेबीजची शक्यता धरूनच चाला. पिल्लू चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. ‘एवढंसं पिल्लू, त्याला काय होणार’ हा विचार इथे जिवावर बेततो.

वय ओळखणं सोपं आहे. नाळेचा वाळलेला तुकडा दिसत असेल तर दोन-चार दिवसांचं. डोळे मिटलेले असतील तर दोन आठवड्यांच्या आतलं. डोळे उघडलेत पण चालताना कलंडतंय, तर दोन-तीन आठवड्यांचं. हिरडीतून सुईसारखे दात आले असतील तर तीन आठवड्यांच्या पुढचं.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही, म्हणजे स्वतःची ऊब ते स्वतः तयार करू शकत नाही. पुठ्ठ्याचा उंच खोका घ्या, तळाला जुनी गोधडी घाला आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून फक्त अर्ध्या भागात ठेवा. उरलेला अर्धा भाग मोकळा राहिला पाहिजे, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकून लांब जाऊ शकतं. पिशवी गार होत आली की तीच पिल्लाची ऊब शोषून घेते, म्हणून दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. डोक्यावर बल्ब टांगायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पण बल्ब खाली आला तर कातडी भाजते आणि रात्रभर चालू राहिला तर अंगातलं पाणी कमी होतं. पिशवीच बरी.

खोक्यातलं तापमान पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सियस ठेवा, दुसऱ्यात २७ ते २९. चौथ्या आठवड्यापर्यंत ते २४ च्या आसपास आणा.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि प्रेमापोटीच होते. अंग गार असताना आतडी हलत नाहीत. दूध पोटात नुसतं साचतं, पोट फुगतं, उलटून श्वासनळीत जातं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातलं तापमान घ्या. ९४ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर पिल्लाला छातीशी धरा, वरून शाल घ्या आणि एक ते तीन तासांत हळूहळू ऊब आणा. गरम पाण्यात बुडवणं किंवा हीटरसमोर धरणं नको. एकदम दिलेली ऊब त्याच्या शरीराला झेपत नाही. गिळता येत असेल तर तेवढ्या वेळात ग्लुकोजच्या पाण्याचं बोट हिरडीवर फिरवा.

दूध

गाईच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीच्या आसपास असतात, दुग्धशर्करा मात्र कमी असते. म्हणून नुसतं पिशवीतलं दूध पाजलं की पिल्लू उपाशी तर राहतंच, वर जुलाबही होतात. पाणी घातलेलं दूध त्याहून वाईट. दुधात कुस्करलेलं बिस्कीट तर कुठल्याच वयाच्या पिल्लाचं जेवण नाही.

प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. दाट केली तर बद्धकोष्ठ होतो. रात्री दुकान बंद असेल तर पर्याय म्हणून २४० मिली सायीसकट दूध, दोन अंड्यांचा फक्त पिवळा बलक आणि एक चहाचा चमचा तेल फेटून गाळून घ्या. हे एका दिवसापुरतंच.

किती पाजायचं ते वजनावर ठरतं, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवाच. पहिल्या आठवड्यात दिवसाला १०० ग्रॅम वजनामागे १५ ते २० मिली आणि एका वेळी १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर नाही. उदाहरणार्थ, ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात ४५ ते ६० मिली, म्हणजे आठ वेळा साधारण ६ ते ७ मिली. एका वेळची कमाल मर्यादा १२ मिली, तेवढं पाजायलाच हवं असं नाही. पहिला आठवडा रात्रीसुद्धा दर अडीच-तीन तासांनी उठावं लागतं. दुसऱ्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी चालतं. घरात दोघं असतील तर पाळ्या लावून घ्या आणि वेळ, वजन, मिली वहीत लिहा; पहाटे तीनला पाजलं होतं की नाही हे सकाळी कुणालाच आठवत नाही.

दूध मनगटावर कोमट लागावं, ३८ अंश सेल्सियसच्या आसपास. बाटली उलटी धरून निपल हलकं दाबलं तर एकच थेंब पडला पाहिजे. धार लागली तर ते निपल फेका.

पाजताना पिल्लू पालथं ठेवा, पुढचे पाय टॉवेलाच्या गुंडाळीवर, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. सिरिंजने पाजणं याचसाठी जोखमीचं: दाब आपला असतो, गिळणं त्याचं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा. त्यानंतर श्वास घरघरत राहिला तर थेट दवाखाना गाठा.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा पोटाखाली आणि शेपटीखाली हलक्या हाताने मिनिटभर फिरवा. आई चाटते तेव्हाच पिल्लाला शी-शू होते, आपण तीच नक्कल करतो. हे न केल्यामुळे मूत्राशय तुंबून मेलेली पिल्लं कमी नाहीत. लघवी फिक्कट हवी. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला पिल्लू हे आपलं आपण करू लागतं.

वजन रोज एकाच वेळी करा. रोज ५ ते १० टक्के वाढ हवी, आणि जन्माच्या वजनाच्या दुप्पट साधारण दहाव्या दिवशी. एक दिवस वाढलंच नाही किंवा उतरलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

रोगराई

आईचा चीक पहिल्या दिवसातच कामाचा असतो. नंतर आतड्यातून त्यातली प्रतिकारशक्ती रक्तात उतरत नाही. चीक मिळाला की नाही हे बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून मिळाला नाही असंच धरा. हात धुवा, बाटल्या उकळा, बाहेरच्या चपला खोक्याच्या खोलीत आणू नका. फरशीला फिनाईल नको.

पिसवांनी भरलेल्या लहान पिल्लाच्या अंगातलं रक्त दोन-तीन दिवसांत आटतं. हिरड्या पांढऱ्या दिसू लागतात. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका. मोठ्या कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध वापरू नका.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मग आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, वजन सांगून पशुवैद्यकाकडूनच घ्या. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि १६ व्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

वरचं खाणं

तीन-साडेतीन आठवड्यांपासून उथळ ताटलीत दूध पावडरीत भिजवलेलं पिल्लांचं कोरडं खाद्य कुस्करून द्या. पहिले दोन दिवस ते त्यात चालेल, लोळेल, चालायचंच. पाचव्या आठवड्यापासून मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन थोडं मिसळलं तरी चालतं, पण मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण अजिबात नको. नुसत्या दूधभातावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात.

कुत्र्यांची शाळा

इथपर्यंत पोचलेलं पिल्लू जगलं असं समजा. पण बाटलीवर वाढलेल्या पिल्लांबद्दल पुढे येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात: कडकडून चावतं, मनासारखं झालं नाही की थयथयाट करतं, इतर कुत्र्यांना घाबरतं किंवा अंगावर जातं, आणि एक माणूस नजरेआड झाला की घर डोक्यावर घेतं. खोड पिल्लाची नाही, संगोपनाची आहे. आई पाजता पाजता उठून निघून जाते, भावंडं ढकलतात, जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटून खेळ सोडतं. बाटली मात्र प्रत्येक कुईकुईला हजर असते.

शक्य असेल तर पिल्लांची जोडी फोडू नका. एकटंच असेल तर त्याच वयाची पिल्लं असलेलं दुसरं घर शोधा. दूध पाजणारी दुसरी कुत्री मिळाली तर सोन्याहून पिवळं: तिच्या गादीचा कपडा पिल्लाच्या अंगावर चोळा, मग पिल्लू तिच्या पिल्लांमध्ये ठेवा आणि पहिले काही तास समोर बसून राहा. तेही नाही जमलं तर पिल्लू चार-पाच आठवड्यांचं झाल्यावर लस झालेलं, शांत स्वभावाचं मोठं कुत्रं रोज थोडा वेळ सोबतीला हवं. ते पिल्लावर गुरगुरलं तर मध्ये पडू नका; माणसाला न जमणारा तो धडा आहे. पिल्लाला कोपऱ्यात दाबून ठेवलं तरच सोडवा.

तिसऱ्या आठवड्यापासून पाजताना मधूनच निपल चार-पाच सेकंद काढून घ्या. पिल्लू शांत झालं की परत द्या, पण केकाटतंय म्हणून देऊ नका. हाताला दात जोरात लागले की खेळ तिथेच थांबवा, पंधरा-वीस सेकंद पाठ फिरवा, मग दोरीचं खेळणं पुढे करा. हाताची बोटं हे खेळणं करून पाजळलेले दात सहा महिन्यांनी कुणालाच गोड वाटत नाहीत. पाचव्या आठवड्यापासून ते झोपाळलेलं असताना दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा मिनिटं एकटं सोडा. आणि पाजणारे हात बदलते ठेवा.

जगाची ओळख करून घ्यायची पिल्लाची खिडकी तिसऱ्या आठवड्यापासून साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत उघडी असते. लसी १६ व्या आठवड्यापर्यंत चालतात, म्हणजे लसी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडलं तर खिडकी बंद झालेली असते. मधला मार्ग असा: पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्या, पण भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या मातीवर ठेवू नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, पळणारी मुलं, रेनकोट, कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षा, सगळं लांबून दाखवा आणि सोबत चिकनचा कण द्या. मार्गशीर्षातल्या पिल्लाच्या नशिबी या काळात लग्नसराईच्या वराती येतात. ढोल-ताशा आणि फटाके आधी मोबाइलवर अगदी हळू ऐकवा. कान मागे गेले, शेपूट आत गेली की आवाज आणखी कमी करा. ‘सवय होईल’ म्हणून वरातीत घेऊन उभं राहिलात, तर भीतीच कायमची बसते.

दुसऱ्या घरी द्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आधी नको. मादी असेल तर नव्या घराला आत्ताच सांगून ठेवा: मार्गशीर्षातली मादी पुढच्या भाद्रपदात नऊ महिन्यांची होते, नसबंदी त्याआधी झाली पाहिजे. जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा लिहिलेला कागद, चालू असलेलं खाद्य आठवडाभर पुरेल एवढं, आणि खोक्यातल्या गोधडीचा एक तुकडा, न धुतलेला, बरोबर द्या.