लंडनमध्ये नवीन आलात? आधी इव्हनसाँगला जा

पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो आणि जीव घरी धावतो. तेव्हा मी नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते, पर्सेल, हँडल, बाख या जुन्या युरोपीय संगीतकारांच्या रचना ऐकायला जा. ‘आम्हाला पाश्चात्त्य संगीतातलं कळत नाही’ म्हणू नका. तंबोरे लागेपर्यंत शांत बसायची सवय असलेल्या माणसाला हे संगीत लवकर आपलंसं होतं.

सुरुवात फुकटात करा. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स या मोठ्या चर्चमध्ये संध्याकाळची गायलेली प्रार्थना होते, तिला इव्हनसाँग म्हणतात. त्यात चारशे वर्षांपूर्वीच्या रचनाही ऐकायला मिळतात. धर्माची अट नाही, तिकीटही नाही. काही दिवशी गायन नसतं, तेवढं आधी बघून जा. पर्सेल 1695 साली गेला. तो ॲबीतच, ऑर्गनजवळ पुरलेला आहे.

मग विगमोर हॉल हे मैफलींचं सभागृह. 1901 साली उघडलेला, जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांचा. पस्तिशीच्या आतल्यांसाठी अनेक मैफलींना पाच पौंडांची तिकिटं असतात, ती सोडू नका. पहिल्याच खेपेला अल्बर्ट हॉलसारख्या अवाढव्य जागी मात्र जाऊ नका. या जुन्या संगीताची वाद्यं नाजूक आवाजाची, ती जवळूनच ऐकावीत. व्हायोलिनला आतड्याची तार असते, हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या दिसणाऱ्या वाद्यात तार छेडली जाते. पट्टीही बहुतेक वेळा आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली असते. साथीदारासमोर फक्त खालच्या स्वरांची ओळ आणि काही आकडे असतात. बाकीचं तो तिथल्या तिथे भरतो, त्यामुळे तीच रचना दुसऱ्या दिवशी वेगळी वाजते.

एकदा मी तिसऱ्या रांगेत होते. समोर थिऑर्बो होता, म्हणजे लांबलचक मानेचं तंतुवाद्य, वादकाच्या डोक्याच्याही वर गेलेलं. दोन रचनांच्या मध्ये त्याने कान तारांपाशी नेला आणि एकेक खुंटी पिळत राहिला. सभागृह गप्प. कुणी मोबाइल काढला नाही, कुणी कुजबुजलं नाही. मला गणपतीतल्या बैठकीत तंबोरा जुळवणारे आमचे काका आठवले आणि डोळे भरून आले. त्या दिवसापासून हे शहर मला परकं वाटलं नाही.

एक गोष्ट जड जाईल, ती म्हणजे दाद. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि त्यांच्यामध्ये टाळ्या वाजवत नाहीत. सुंदर जागा आली की ‘वा!’ ओठांवर येतंच, पण ते गिळावं लागतं. वादकांचे हात खाली आले की मग मनसोक्त टाळ्या वाजवा. खोकल्याची गोळी कागदातून आधीच काढून ठेवा.

ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात मैफली होतात. तिथे विवाल्डी या इटालियन संगीतकाराचे ‘चार ऋतू’ वारंवार असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला छानच, फक्त तिकीट काढताना खांबाआडची जागा घेऊ नका.

आणि डिसेंबरात ‘मसाया’ चुकवू नका, म्हणजे येशूवरची गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. हँडलने तो 1741 साली ब्रुक स्ट्रीटवरच्या घरात लिहिला. ते घर आता संग्रहालय आहे, आधी तिथे जाऊन या. मैफलीत त्यातलं ‘हालेलुया’ हे समूहगान सुरू झालं की आजूबाजूचे लोक उभे राहतात. तुम्हीही उभे राहा.