सोलापुरी चादरीत घरची बियर

मोठं पातेलं, मलमलची पिशवी आणि थर्मामीटर, बास, एवढ्यात पाच लिटर बियर होते. साडेसात लिटर पाणी ७० डिग्रीला आणून गॅस बंद, पिशवीत सव्वा किलो भरडलेलं बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) सोडायचं, गुठळ्या मोडायच्या आणि झाकण लावून पातेलं चादरीत गुंडाळून तासभर ठेवायचं, ६६च्या आसपास राहिलं की स्टार्चची साखर होते (माझ्या चादरीचा वास काय जाईना, आई अजून बोलते). पिशवी पिळा, १० ग्रॅम हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं) टाकून तासभर उकळा, बर्फाच्या टबात गार करा, २० डिग्रीला यीस्ट. इथून पुढे प्रत्येक भांडं सॅनिटाइझ केलेलंच पाहिजे. दोन आठवडे एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं, पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावून आंबू द्या. आपल्याकडे मे महिन्यात हे करूच नका, डिसेंबर-जानेवारीच बरा. बाटलीत भरताना फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर, जास्त झाली तर बाटली फुटते.