पंपाचे माप आणि जमिनीचे माप: हिरवळीवर फवारणी शिकताना

इंदूरमध्ये बागांच्या देखभालीची कामे घ्यायला लागून मला सात वर्षे झाली, तरी फवारणीचा पंप पाठीवर चढवताना पहिल्या वर्षीची एक हिरवळ अजून डोळ्यांसमोर येते. दिवाळीला दहा दिवस राहिले होते. एका मराठी कुटुंबाच्या बंगल्यापुढची तीन हजार चौरस फुटांची हिरवळ पावसाळ्यानंतर पिवळट पडली होती आणि पाहुणे यायच्या आत ती गर्द हिरवी करून देण्याचे मी बिनदिक्कत कबूल केले होते. माळव्याच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असले तरी गवताला ते उचलता येत नाही, हे मला माहीत होते. म्हणून हिराकस, म्हणजे दुकानात फेरस सल्फेट या नावाने मिळणारे फिकट हिरवे खडे, फवारायचे ठरवले, आणि तो निर्णय बरोबरच होता.

दुकानदाराने सांगितले, "पंपाला दीडशे ग्रॅम टाका आणि दोन पंप मारा." मी तसेच केले. पहिला पंप फाटकापासून सुरू केला आणि नवखेपणाच्या भीतीने पाऊल इतके जपून टाकत गेले की नऊशे चौरस फुटांतच तो रिकामा झाला. उरलेली एकवीसशे फूट जागा एकाच पंपात उरकायची म्हणून दुसऱ्या वेळी जवळजवळ धावलेच. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतले. फाटकाजवळचे गवत काळवंडले होते, मागच्या बाजूला फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून उठले होते आणि जिथे जिथे मी खटका दाबलेला ठेवूनच वळले होते, तिथे विळ्याच्या आकाराचे काळे डाग होते. "अगं, अंगणात झेब्र्याचे कातडे पसरलेस का?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यापुढे मला काही बोलता आले नाही.

ज्या चुकीत मी अडकले तिच्यात जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस अडकतो, म्हणून ती जरा फोड करून सांगते. औषध गवताला मिळते ते जमिनीच्या मापाने. पंप हे केवळ भांडे आहे. पहिल्या पंपातले १५० ग्रॅम ९०० चौरस फुटांवर पडले, म्हणजे हजार फुटांना सुमारे १६७ ग्रॅम. दुसऱ्यातले तितकेच २१०० फुटांवर पडले, म्हणजे हजाराला ७१. पाण्यातले प्रमाण दोन्ही वेळा अगदी सारखे असूनही एका कोपऱ्याला दुसऱ्याच्या सव्वादोनपटीहून अधिक लोह मिळाले, आणि जिथे दोन पट्टे एकमेकांवर चढले तिथे तर त्याच्याही दुप्पट. दुकानदार खोटे बोलला नव्हता. माझे पाऊल किती पडते, माझे नोझल मिनिटाला किती पाणी टाकते, यांपैकी काहीच त्याला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. तेव्हा "पंपाला किती?" असे कोणालाही विचारू नका. "हजार फुटांना किती?" असे विचारा, आणि ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही त्याच्याकडून औषध घेऊ नका.

आपला पंप किती जागा ओला करतो हे शोधायला अर्धा तास पुरतो. २० फूट गुणिले २५ फूट असा ५०० चौरस फुटांचा तुकडा खुंट्या आणि सुतळीने आखावा. पंपात साधे पाणी भरून टाकीवर खूण करावी, नेहमीच्या चालीने तो तुकडा फवारावा आणि मग मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरावे. जितके पाणी लागले तेच तुमचे माप. माझे अडीच लिटर येते, म्हणजे हजार फुटांना पाच लिटर, म्हणजे पंधरा लिटर पाण्यात तीन हजार फूट. हजार फुटांना १०० ग्रॅम हिराकस द्यायचा असेल तर मी पंधरा लिटरांत १५० ग्रॅम विरघळवून सगळी हिरवळ एकदा लांबीने फवारते आणि पुन्हा तितकेच द्रावण करून रुंदीने. अर्धी मात्रा उभी आणि अर्धी आडवी गेली की एका खेपेत सुटलेली रेघ दुसऱ्या खेपेत बरीचशी झाकली जाते. वेळ दुप्पट लागतो, हे खरे. तो वाचवण्याचा जो उपाय मला सुचला होता, त्याची हकिकत वर दिलीच आहे.

चाल एकसारखी ठेवणे हे मात्र वहीतल्या गणिताने येत नाही. कोरड्या सिमेंटच्या पार्किंगमध्ये साधे पाणी फवारून मागे वळून बघावे. सगळे एकदम वाळले तर हात बसला. कुठे ओली पट्टी मागे राहिली तर तिथे तुम्ही रेंगाळलात. मी सेकंदाला दीड फूट, म्हणजे वरातीच्या चालीने चालते आणि नोझल गुडघ्याच्या उंचीवर, न झुलवता धरते. दांडी डावी-उजवीकडे ओवाळत चालण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, पण दांडी जिथे उलटी फिरते तिथे दुप्पट औषध पडते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती अशी की टाकी हलकी होत जाते तसे पाय आपोआप पळू लागतात. त्यामुळे मी पंप साडेसात लिटरच भरते. पूर्ण भरलेला पंप पाठीवर घेण्यात ज्यांना मर्दुमकी वाटते त्यांनी तो खुशाल घ्यावा.

पंपाबरोबर येणारे पितळी नोझल पोकळ शंकूसारखे फवारते, म्हणजे कडेला जास्त आणि मध्ये कमी. ते काढून पंख्यासारखे सपाट फवारणारे लावावे. त्याच्या पट्ट्याचा मध्य जड आणि कडा विरळ असतात, म्हणून तीन फुटांच्या पट्ट्यासाठी सुतळ्या दोन-दोन फुटांवर बांधाव्यात. आधी चारही कडांनी दोन पट्टे मारून घ्यावेत म्हणजे वळायला जागा होते, आणि त्या जागेत शिरताच खटका सोडावा.

बोअरिंगच्या जड पाण्यात हिराकस टाकला की पाणी चहासारखे तांबूस होते, म्हणजे लोह गवतापर्यंत पोहोचण्याआधीच गंजू लागते. लिटरला एक ग्रॅम लिंबूसत आधी विरघळवले तर तसे सहसा होत नाही. कोटा फरशीवर थेंब उडाले तर वाळायच्या आत पाणी ओतावे. काकूंच्या संगमरवरी तुळशीवृंदावनावर माझ्या पहिल्या फवारणीचे पाच तपकिरी ठिपके आजही आहेत, आणि मी पंप घेऊन आले की काकू त्यावर जुने लुगडे टाकतात.

ती हिरवळ मेली नाही, हेही सांगायला हवे. पाती करपली तरी हरळीचे मूळ सहसा जिवंत राहते. भरपूर पाणी आणि दोन कापण्या झाल्यावर तीन आठवड्यांत डाग गेले, अर्थात दिवाळी उलटून गेल्यावर. त्यामुळे लोहाची चूक झाली तर हाय खाऊ नये. तणनाशकाची चूक मात्र परत फिरवता येत नाही. टू-फोर-डी हे तणनाशक फवारलेला पंप कितीही धुतला तरी तो गुलाबाला किंवा टोमॅटोला वापरू नये, कारण उरलेल्या अंशानेही पाने पिळवटतात. माझ्या तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा आहे आणि त्याला दुसरे कोणी हात लावलेले मला चालत नाही. वारा असताना, शेजारच्या कुंड्या जवळ असताना किंवा हातमोजे नसताना त्याचे झाकण उघडूच नये.

ज्या वृद्ध माळीकाकांनी मला पुढे हे काम शिकवले, ते मला महिनाभर फक्त पाणी फवारायला लावत. तेव्हा मला त्यांचा राग येई. आता कोणी आठवड्यात फवारणी शिकवतो म्हटले की मला त्या माणसाचीच शंका येते. 'टॉनिक'च्या बाटल्यांविषयीही माझे मत फारसे बरे नाही. १९२४ साली इंदूरमध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने जी कंपोस्ट पद्धत घडवली, ती जगभर आमच्या शहराच्या नावाने ओळखली जाते, आणि इथलेच लोक मातीला टोपलीभर कंपोस्ट न घालता बाटलीतून हिरवा रंग मागतात.

नोझल झिजते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दर दोन महिन्यांनी ते एक मिनिट मापाच्या भांड्यात चालवून आकडा वहीत लिहावा, आणि नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी येऊ लागले की बदलावे. माझे नवे असताना ९०० मिलिलिटर देत होते. गेल्या महिन्यात १०२० भरले, आणि मी ते त्याच दिवशी काढले.