केनिया: आधी लस, मग तिकीट

केनियाच्या तयारीची सुरुवात यलो फीवरच्या (पीतज्वराच्या) लशीने करा. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट लवकर मिळेलच असे नाही आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होते. आदल्या आठवड्यात घेतलेल्या लशीचा उपयोग नाही. प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्राची मूळ पुस्तिका हातातल्या बॅगेतच ठेवा.

मसाई मारा या अभयारण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर उत्तम, तेव्हा विल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप तिथे असतात. मात्र जुलैपासून परदेशी प्रौढांचे प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर होते. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढेच चालते, त्यामुळे दुपारी पोहोचून तिकीट फाडले तर अर्धे पैसे वाया जातात. एप्रिलमध्ये स्वस्त पडते, पण काळ्या चिकणमातीत गाड्या रुततात.

माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर १५ किलोपर्यंतची मऊ बॅग घ्या. कडक सूटकेस मागच्या कप्प्यात बसत नाही. प्लास्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आहे, खाऊ कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा.

दोन दिवस किनाऱ्यावरच्या मोंबासा शहरासाठी जरूर काढा. नैरोबीहून रेल्वेने पाच-सहा तास लागतात, वाटेत त्सावो राष्ट्रीय उद्यानातले हत्ती खिडकीतूनही दिसू शकतात. मोंबासातला फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला, कारभार गोव्याहून चाले. किल्ला सकाळीच पाहा, दुपारी दगड तापतात.