सर्व्हरवरच्या सिस्टीम फाइलींशी छेडछाड झाली आहे का, हे कसे तपासावे

अंधेरीतल्या छोट्या कंपनीचा असो वा दादरच्या पतपेढीचा, लिनक्स सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस पुन्हा आत येता यावे म्हणून बहुधा एखादी सिस्टीम फाइल बदलून ठेवतो. असा बदल पकडण्यासाठी मूळ स्थितीची खात्रीशीर नोंद हाताशी असावी लागते.

सर्व्हर नव्याने उभारल्यावर, तो लोकांसाठी खुला करण्यापूर्वीच, 'एड' (AIDE) हे फाइलींमधले बदल पकडणारे मोफत साधन बसवून त्याचा पहिला डेटाबेस तयार करावा. त्यात प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा), मालकी, परवानग्या आणि वेळा नोंदल्या जातात. हॅशसाठी शा-256 किंवा शा-512 निवडावा; एमडी5 या जुन्या पद्धतीचा हॅश एकच असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे 2004 सालीच दाखवून झाले आहे. सतत बदलणारे लॉग (कामकाजाच्या नोंदी) तपासणीतून वगळावेत, मात्र क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीच्या) फाइली आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) अधिकृत कीची यादी वगळू नये, कारण मागचे दार बहुतेकदा तिथेच सापडते.

हा डेटाबेस त्याच सर्व्हरवर ठेवला, तर रूट (सर्वोच्च) अधिकार मिळवलेला घुसखोर तोही बदलू शकतो. मुंबईत जागेची टंचाई, म्हणून बॅकअपची डिस्कही अनेकदा सर्व्हरलाच कायम जोडलेली असते. ती सोय इथे चालणार नाही. डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा किंवा प्रत वेगळ्या मशीनवर ठेवावी.

तपासणी रोज क्रॉनने चालवून अहवाल दुसरीकडे पाठवावा. अपडेटनंतर शेकडो फाइली बदललेल्या दिसतात आणि मग तो लांबलचक अहवाल कोणीच वाचत नाही. म्हणून आधी तपासणी, मग अपडेट आणि लगेच नवा डेटाबेस, हा क्रम मोडू नये.

आधीची नोंदच नसेल, तर रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये 'आरपीएम' या पॅकेज साधनाचा व्हेरिफाय पर्याय आणि डेबियन लिनक्समध्ये 'डेबसम्स' वापरावे. आरपीएमच्या ओळीत 5 हा अंक दिसला, तर फाइलचा मजकूर बदललेला आहे. सेटिंगच्या फाइलपुढे तो दिसणे स्वाभाविक आहे, पण 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारा) किंवा 'पीएस' (चालू प्रोग्राम दाखवणारा) यांसारख्या प्रोग्रामपुढे दिसला, तर गंभीर शंका घ्यावी. मात्र या दोन्ही साधनांच्या नोंदी सर्व्हरवरच असल्याने 'सर्व ठीक' हे उत्तर अंतिम मानू नये. बदलाची तारीख जुनी दिसली तरी भुलू नये, कारण 'टच' आदेशाने ती मागे नेता येते.

शंका पक्की झाल्यास नेटवर्क तोडावे, पण सर्व्हर लगेच बंद करू नये. आधी मेमरीची प्रत घ्यावी. रूटकिट (घुसखोरी लपवणारा प्रोग्राम) असेल तर चालू सिस्टीमच खोटी उत्तरे देते, म्हणून त्यानंतर लाइव्ह यूएसबीवरून (स्वतंत्र सिस्टीम असलेल्या पेनड्राइव्हवरून) बूट करून डिस्क पुन्हा तपासावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते, त्यामुळे सखोल तपास पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये.