विद्यापीठात कार्यक्रम आहे, पण बाहेरच्या माणसाला आत सोडतात का?

विद्यापीठातल्या एखाद्या व्याख्यानाचं किंवा मेळाव्याचं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारे शिकलेले असतात, शेती करणारे असतात, विद्यापीठाच्या गेटावरून रोज ये-जा करणारेही असतात. उत्तर सोपं आहे : सोडतात. सार्वजनिक कार्यक्रमाला तर सोडतातच. मी विद्यापीठात नोकरीला नाही, पदवी घेऊन बाहेर पडल्यालाही बरीच वर्षं झाली. तरी वर्षातून आठ-दहा वेळा आत जाऊन बसतो, ऐकतो, कधी प्रश्न विचारतो. आजवर कुणी हटकलं नाही. कसं जायचं, कधी जायचं आणि जाताना काय बरोबर न्यायचं, ते इथं लिहितो.

आधी आपल्या जवळचं विद्यापीठ कोणतं ते पाहा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मात्र सगळ्या मराठवाड्याचं आहे. धाराशिवला आणि लातूरला विद्यापीठांची उपकेंद्रं आहेत. तिकडच्या लोकांनी प्रत्येक वेळी मुख्य आवारातच गेलं पाहिजे असं नाही.

पहिली पायरी : न हलणाऱ्या तारखा कॅलेंडरवर लिहा

कार्यक्रमाची बातमी बहुतेक वेळा आपल्यापर्यंत पोचते ती कार्यक्रम झाल्यावर, पेपरातल्या फोटोतून. म्हणून बातमीची वाट पाहू नका. दरवर्षी येणाऱ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं गोल करून ठेवा.

14 जानेवारी, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नामविस्तार दिन, म्हणजे त्याला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. 18 मे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन, 1972 पासूनचा. 23 ऑगस्ट, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा वर्धापन दिन. 1958 साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि नांदेडच्या विद्यापीठाचाही वर्धापन दिन, कारण ते 1994 साली याच दिवशी सुरू झालं. याशिवाय 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन, एप्रिलमध्ये 11 आणि 14 तारखेच्या जयंत्या, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. या दिवशी कुठल्या ना कुठल्या विभागात काहीतरी असतंच. युवक महोत्सव साधारण पावसाळा सरता सरता येतो, पण त्याची तारीख दरवर्षी वेगळी असते. ती मात्र विचारावी लागते.

दुसरी पायरी : खात्री करा, आणि ती योग्य माणसाकडून

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकं असतात, पण त्या ढिगातून आपल्या कामाचं शोधणं सोपं नाही. माझा अनुभव असा, की सगळ्यात खरी माहिती तालुक्याच्या महाविद्यालयात मिळते. तिथं राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतात. रासेयोवाले सर किंवा मॅडम कोण, एवढं शिपायाला विचारलं तरी तो सांगतो. विद्यापीठातून येणारी सूचना त्यांच्याकडे आलेली असते. त्यांना नंबर देऊन ठेवा, "सर, लोकांसाठी काही असलं तर मला टाकत जा" म्हणा. मला तर आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. आपला कार्यक्रम ऐकायला बाहेरचं कुणी येतंय, याचा त्यांना आनंदच होतो.

पत्रिका हातात आली की शेवटपर्यंत वाचा. खाली "सर्वांसाठी खुला" किंवा "सर्वांना सस्नेह निमंत्रण" असेल तर प्रश्नच नाही. "निमंत्रितांसाठी" असेल तर जाऊ नका. "नोंदणी आवश्यक" असेल तर आधी फोन करा. चर्चासत्राला कधी कधी शुल्क असतं, आणि ते जेवणासकट असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर विभागाच्या कार्यालयात सकाळी अकरानंतर फोन लावून एकच विचारा : "मी विद्यार्थी नाही, ऐकायला आलं तर चालेल का?"

आणि निघायच्या दिवशी सकाळी सभागृह तेच आहे ना, हेही विचारून घ्या. एकदा मी दोन बस बदलून एका व्याख्यानाला पोचलो, तर सभागृहाला कुलूप. कार्यक्रम आदल्या दिवशी दुसऱ्या इमारतीत हलवला होता आणि फलकावर त्याची चिठ्ठीही नव्हती. आवार मोठं आहे. शोधत पोचेपर्यंत आभार प्रदर्शन चालू झालं होतं. तेव्हापासून मी फोन केल्याशिवाय घर सोडत नाही.

परभणीला जाणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

सामान्य माणसाच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा कार्यक्रम कोणता असं कुणी मला विचारलं तर मी 18 मेचा खरीप मेळावा सांगेन. 17 सप्टेंबरला तसाच रब्बीचा असतो. शास्त्रज्ञ समोर असतात, वाण समोर असतात, आणि आठही जिल्ह्यांतले शेतकरी एका मांडवाखाली बसलेले असतात. घरात कुणीही शेती करत असेल तर एकदा तरी जा.

एकट्यानं जाऊ नका. गावातले चार-पाच जण मिळून गाडी करा, नाहीतर रेल्वेनं जा. परभणी जंक्शन आहे, मनमाडकडून, नांदेडकडून आणि परळीकडूनही गाड्या येतात. मे महिन्यात तिथलं ऊन 42-43 अंशांवर जातं, तेव्हा डोक्याला उपरणं आणि प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली हवीच.

गर्दी सगळ्यात मोठी असते ती बियाण्याला. सोयाबीनचे एमएयूएस मालिकेतले वाण, बदनापूरच्या केंद्रातून आलेली बीडीएन तूर, परभणीची ज्वारी, यांच्यासाठी लोक पहाटेपासून रांगेत असतात. आधार कार्ड आणि सातबारा यांच्या झेरॉक्स खिशात असू द्या. मागितल्या तर परत गावाकडे धावायला नको. एका माणसाला किती पिशव्या द्यायच्या ते दरवर्षी ठरतं, म्हणून शेजाऱ्यांच्या पिशव्यांचं वचन देऊन निघू नका. आमच्याकडे त्यावरून दोन घरांत अबोला झालेला मी पाहिलाय.

पाच जण असाल तर कामं वाटून घ्या. दोघं रांगेत, दोघं मांडवात आणि एक जण प्रदर्शनात फिरायला. नाहीतर होतं काय, सगळे रांगेत उभे राहतात आणि ज्यासाठी शास्त्रज्ञ बोलवले ते बोलणं खुर्च्या ऐकतात. सोयाबीनचे हे वाण सरळ वाण आहेत, म्हणजे नीट राखलं तर त्याचंच बी पुढच्या वर्षी वापरता येतं. एखादी पिशवी कमी मिळाली म्हणून एवढं जिवाला लावून घ्यायचं कारण नाही. पेरणी कधी करावी, घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी, रुंद वरंबा सरीवर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद गादीवर, पेरलं तर पावसाच्या ताणात काय फरक पडतो, हे मांडवात कळतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दरवर्षी सांगितलं जातं. आणि दरवर्षी पहिल्या सरीवर चाडं हातात घेणारे आपल्यातच असतात. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसलाय त्याला त्या एका वाक्याची किंमत कळते.

सप्टेंबरच्या मेळाव्याला जाताना आपल्या रानातला नमुना घेऊन जा. कापूस, सोयाबीन तेव्हा उभं असतं. रोग पडलेलं झाड मुळासकट उपटा, माती झटका, वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं तर पोचेपर्यंत सडतं आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. बरोबर एका कागदावर पेरणीची तारीख, वाण, काय फवारलं आणि कधी, एवढं लिहून न्या. शास्त्रज्ञ पहिले हेच चार प्रश्न विचारतात, आणि आपण तिथं उभं राहून आठवत बसतो.

14 जानेवारीला संभाजीनगरला जाताना

हा दिवस निराळा आहे, आणि जाताना ते मनात ठेवून जावं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला. नाव लागलं 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले. म्हणून गावोगावहून येणारी माणसं त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटापुढं हात जोडतात, काही जण कमानीला माथा टेकवतात. आपण कुठल्याही समाजाचे असलो तरी शांतपणे रांगेत उभं राहावं, लेकरांना ही गोष्ट सांगावी. रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईसमोर मोबाइल धरू नये.

गाडी लांब लावा, कारण गेटाकडचा रस्ता वाहनांना बंद असतो. चालत जाताना वाटेत नागसेनवन लागतं; बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथंच आहे. पुस्तकांचे स्टॉल भरपूर असतात. कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवा, मी दरवर्षी ठरवतो त्याच्या दुप्पट पुस्तकं घेऊन येतो. बाहेरगावचे असाल तर दुसऱ्या दिवशी थांबून जवळचा सोनेरी महाल आणि डोंगरातल्या औरंगाबाद लेण्या पाहा. त्याच दिवशी सगळं उरकायला जाऊ नका.

युवक महोत्सव कसा पाहावा

चार-पाच रंगमंचांवर एकाच वेळी काही ना काही चालू असतं. सगळं पाहायला गेलं की काहीच पाहून होत नाही. एक मंच धरा आणि बसा. मी लोककलेचा धरतो : भारूड, पोवाडा, गोंधळ, जलसा. बीड-धाराशिवकडची पोरं टेम्पोतून संबळ, हलगी घेऊन येतात, रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर सराव करतात आणि सकाळी मंचावर असं काही करतात की अंगावर काटा येतो. एकांकिका पाहायची असेल तर पडदा उघडायच्या आधी आत बसा, मध्येच दार ढकलू नका. अर्ध्या तासाचं नाटक असतं, त्यासाठी त्या पोरांनी महिना-महिना घाम गाळलेला असतो. आपल्या तालुक्याचा संघ असेल तर टाळ्या वाजवायला कमी करू नका. आमच्या शेजारची मुलगी भारुडात होती. गल्लीतले अकरा जण गेलो होतो, तिला मंचावरून आम्ही दिसलो आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

सभागृहात बसल्यावर

पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या असतात, त्या सोडून तिसऱ्या रांगेत बसा. मागं बसलं की पंख्याच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. हारतुरे आणि सत्कार यांत वेळ जातो, तेव्हा चहा-पाणी आधी उरकून घ्या. प्रश्न विचारायचा असेल तर आधी वहीत लिहा, उभं राहून नाव आणि गाव सांगा, आणि एकच प्रश्न विचारा. "माझं शिक्षण कमी आहे, पण" अशी सुरुवात करू नका. मी एका चर्चासत्रात पाणलोटावर बोलणाऱ्या वक्त्याला आपल्या विहिरीबद्दल विचारणारा एक शेतकरी पाहिला. पुढची वीस मिनिटं सगळं सभागृह त्याच्या विहिरीवरच बोलत होतं.

नुसतं ऐकायचं नसेल तर हातानं करायचीही कामं असतात. जून-जुलैत वृक्षारोपण, अधूनमधून रक्तदान शिबिर. रक्त द्यायला वय किमान 18 आणि वजन 45 किलोच्या वर लागतं, पुरुषांना दोन वेळांत तीन महिन्यांचं आणि बायांना चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. उपाशीपोटी जाऊ नका. आणि रासेयोचं सात दिवसांचं शिबिर आपल्या गावात हवं असेल, तर सरपंचांच्या सहीचं पत्र आणि करायच्या कामांची यादी घेऊन दिवाळीच्या आधीच त्या रासेयोवाल्या सरांना भेटा. मुक्कामाला शाळेच्या खोल्या, पाणी आणि मुलींसाठी नीट न्हाणीघर आहे का, हे ते आधी विचारतील. त्याची सोय पाहूनच त्यांच्याकडे जा.